आपल्या चित्रपटाला आपला प्रेक्षक



लग्नाची पत्रिका छापली म्हणजे पाहुणे येतात असे नाही, हे तुम्हांआम्हां सर्वांना ठाऊक आहे. घरातले कुणीतरी हातात अक्षत घेऊन दारोदार जाते, उंबऱ्यापाशी उभे राहते आणि म्हणते, "यायचं बरं का, सगळ्यांनी यायचं." तेव्हा कुठे मांडव भरतो. आज मी बोलणार आहे ते आपल्या मातीतल्या लहान चित्रपटांविषयी. त्यांची पत्रिका आता मोबाइलवरून घरोघर पोचली आहे. अक्षत मात्र कुणी दिलेली नाही. ती कुणी द्यायची आणि कशी द्यायची, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वयाची चाळिशी उलटली आहे. माझ्या आयुष्यातला पहिला चित्रपट मी आमच्या गावच्या जत्रेत, तंबूत बसून पाहिला. दुपारपासून भोंगा गावभर ओरडत फिरे. कोणता खेळ आहे, त्यात कोण आहे, रडायचे आहे की हसायचे आहे, हे सगळे तो भोंगेवाला तालासुरात सांगे. रात्री जमिनीवर पोती अंथरून आम्ही बसायचो. मध्येच फिल्म तुटे, अंधार होई, शिट्ट्या होत आणि पुन्हा चित्र उजळे. तंबूची आठवण काढून उसासे टाकण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या तंबूत धूळ होती, गैरसोय होती, आणि खेळ निवडताना तंबूवाल्याची नजर गल्ल्यावरच असे. पण एक गोष्ट पक्की होती. चित्रपट आमच्या वेशीपर्यंत येई आणि मोठ्याने आम्हांला बोलावी.

आता काळ बदलला. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि बांधावर बसलेल्या माणसाच्या हातात जगातले चित्रपट आले. त्यांनाच आपण ओटीटी म्हणतो. म्हणजे चित्रपट इंटरनेटवरच्या एका मोठ्या कोठारात ठेवलेले असतात आणि आपण हवा तेव्हा हवा तो उघडून पाहतो. आपले मराठी चित्रपटही तेथे आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. दशावतारी कलावंत बाप आणि त्याचा चित्रकलेची आवड असलेला मुलगा यांची गोष्ट सांगणारा 'पिकासो' हा त्याच वर्षी मार्चमध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आला. कोकणातल्या दशावताराची गोष्ट एका बटणासरशी गडचिरोलीत दिसू शकते, ही काय लहान गोष्ट झाली?

दिसू शकते खरी. पण दिसते का?

माझाच अनुभव सांगतो. साठ मुलांच्या वर्गात मी एकदा विचारले, "राष्ट्रपतींच्या हस्ते सुवर्णकमळ मिळालेला 'कोर्ट' हा मराठी चित्रपट कुणी पाहिला आहे?" दोन हात वर झाले. त्यांतला एक, मागून कळले, मित्राला हात वर करताना पाहून केलेला होता. ही मुले काही अरसिक नव्हती. रोज रात्री ती मोबाइलवर काही ना काही पाहत होतीच. मग मी आमच्या गावच्या मोबाइलवरील गटात एका चांगल्या मराठी चित्रपटाचा दुवा पाठवला. गटात दोनशे माणसे होती. चौघांनी अंगठा दाखवला. आठ दिवसांनी भेटेल त्याला विचारू लागलो, तर अंगठा दाखवणाऱ्यांनीही चित्रपट पाहिलेला नव्हता. एकजण तर म्हणाला, "सर, बघणार हाय की. कुठं पळून जातोय तो?"

श्रोतेहो, हे वाक्य नीट ऐका. 'कुठे पळून जातोय' हीच या नव्या व्यवस्थेची गोम आहे. जत्रेतला तंबू दोन दिवसांत उठायचा, म्हणून माणसे धावत जायची. कोठारातला चित्रपट कधीही पाहता येतो, आणि जे कधीही पाहता येते ते पाहायची वेळ येत नाही.

दुसरी अडचण त्या कोठाराच्या रचनेत आहे. आपण ओटीटी उघडतो तेव्हा समोर काही चित्रे ओळीने मांडलेली दिसतात. ही मांडणी कोण करतो? बरीचशी मांडणी यंत्राचा हिशेब करतो. तुम्ही काल काय पाहिले, किती वेळ पाहिले, कुठे सोडून दिले आणि तुमच्यासारख्या इतरांनी काय पाहिले, याची नोंद ठेवून यंत्र पुढचे ताट वाढते. आठवडे बाजारातला दुकानदार कालचा खपलेला माल आज पुढे मांडतो, तसेच हे. त्यात त्याची दुष्टबुद्धी नसते. पण परिणाम असा होतो की, जो चित्रपट कुणी पाहिला नाही तो मागच्या फळीवर जातो आणि मागच्या फळीवर गेला म्हणून कुणी पाहत नाही. नाव घालून शोधले तर तो मिळतो. पण नाव ठाऊक असेल तरच शोधणार ना? ज्याच्या जाहिरातीला कोटी रुपये आहेत त्याचे नाव आपल्याला न शोधताच कळते. ज्याच्यापाशी ते नाहीत, त्याचे नाव सांगायला माणूस लागतो. म्हणून मी म्हणतो की या यंत्रयुगात माणसाचे काम कमी झालेले नाही. उलट वाढले आहे.

हे काम पूर्वी कुणी केले का? केले आहे, आणि चांगले केले आहे. तीन उदाहरणे सांगतो.

पहिले गुजरातचे. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी 'मंथन' हा चित्रपट काढला. आपल्या विजय तेंडुलकरांचा त्याच्या पटकथेत मोठा वाटा होता. दूध उत्पादकांच्या सहकाराची ही गोष्ट. आणि तिच्यासाठी पैसा दिला तो पाच लाख शेतकऱ्यांनी, प्रत्येकी दोन रुपये. चित्रपट लागला तेव्हा ही माणसे ट्रक भरभरून तो पाहायला गेली. का गेली? तर तो त्यांचा होता म्हणून. प्रेक्षक आधी जमला आणि चित्रपट मागून आला.

दुसरे उदाहरण कर्नाटकातले, पण त्याचा धागा आपल्या पुण्याशी आहे. शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांचे लहानसे गाव आहे. तेथे १९४९ पासून 'नीनासम' ही नाट्यसंस्था आहे. तिचे चालक के. व्ही. सुब्बण्णा यांना पुढे १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले होते. तेथले पी. के. नायर आणि चित्रपट रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर यांच्या साह्याने सुब्बण्णांनी आपल्या गावकऱ्यांना जगातले नामांकित चित्रपट दाखवले. सुपारी सोलणाऱ्या माणसांनी इटलीतला 'बायसिकल थीव्ज' पाहिला, बंगालचा 'पाथेर पांचाली' पाहिला, आणि तो त्यांच्या स्मरणात राहिला. खेड्यातल्या माणसाला असले काही कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हेग्गोडूचे नाव लक्षात ठेवावे. सायकल चोरीला गेल्यामुळे ज्याची रोजीरोटी गेली त्याचे दुःख समजायला पदवी लागत नाही.

तिसरे उदाहरण गोव्याचे आणि अलीकडचे. २०१४ च्या अखेरीस 'नाचॉम-इया कुंपासार' हा बार्द्रॉय बार्रेतो यांचा कोकणी चित्रपट आला. गोव्यातल्या जुन्या संगीतकारांच्या आयुष्यावर आणि त्यांच्या गाण्यांवर तो बेतला आहे. कोकणी बोलणारा समाज लहान. नेहमीच्या चित्रपटगृहांच्या भरवशावर राहिले असते तर आठवड्याभरात खेळ आटोपला असता. या मंडळींनी गोव्यातली सभागृहे गाठली, तेथे तिकीट लावून खेळ केले आणि चित्रपट कित्येक महिने लोकांपुढे ठेवला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की, आपल्या माणसांना त्यांनी जागोजाग जाऊन बोलावले.

ही उदाहरणे वाचून मलाही हुरूप आला. मोबाइलच्या गटावर आपले काही चालले नाही, हे कळले होतेच. मग आमच्या गावच्या हायस्कुलातल्या दोन शिक्षकांना गाठले. मंगेश हाडवळे यांचा २००८ सालचा 'टिंग्या' हा चित्रपट निवडला. जुन्नरकडची गोष्ट आहे. टिंग्या नावाच्या लहान मुलाचा लाडका बैल बिबट्यासाठी केलेल्या खड्ड्यात पडून जायबंदी होतो. बटाट्याचा हंगाम तोंडावर आलेला असतो. बाप बैल विकायचे ठरवतो. शेजारच्या आजारी आजीची सगळे सेवा करतात आणि बैलाला मात्र खाटकाकडे धाडायचे, हे कसे, असा त्या मुलाचा प्रश्न आहे. माझ्याकडे त्याची विकत घेतलेली तबकडी होती. शाळेतला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरे धोतर आणि शनिवारची संध्याकाळ. मुलांच्या हाती प्रत्येक घरी निरोप दिला, "आईवडिलांना घेऊन या."

शाळेचा वर्ग पुरेना. माणसे व्हरांड्यात उभी राहिली. चित्रपट संपला आणि दिवे लागले, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटले, फसले सगळे. इतक्यात मागून एक शेतकरी म्हणाला, "मास्तर, बाप चुकला न्हाई. घरात बेणं येऊन पडलंय, बैल आडवा झालाय. त्यानं करायचं काय?" लगेच दुसरा उठला. भाड्याने बैल आणता आले नसते का, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्याने भाड्याचा हिशेब मांडला. एक म्हातारी बाई, जिने जन्मात कधी सभेत तोंड उघडले नव्हते, ती म्हणाली, "आमच्या वेळंला सावड व्हती. शेजाऱ्यानं आपली जोडी दिली असती. आता कोण कुणाला देतंय?" आणि मग सातवीतला एक मुलगा उभा राहिला. त्याने आपल्या बापाकडे पाहिलेसुद्धा नाही. खाली मान घालून म्हणाला, "आमचा खोंड इकला तवा मला कुणी इचारलं न्हवतं."

वर्गात शांतता पसरली. त्याचा बाप तिथेच, खिडकीपाशी उभा होता. तो काही बोलला नाही. पण घरी जाताना मुलाच्या खांद्यावर हात टाकून चालला होता, ते मी पाहिले.

श्रोतेहो, हाच चित्रपट त्या मुलाने एकट्याने मोबाइलवर पाहिला असता तर तो रडला असता आणि डोळे पुसून झोपला असता. ते वाक्य त्याच्या मनातच राहिले असते. शेजारची आणि घरची माणसे समोर बसलेली होती, म्हणून ते बाहेर आले. आपल्या बोलीतले, आपल्या शिवारातले चित्रपट लोकांपर्यंत का पोचले पाहिजेत, याचे माझ्यापाशी याहून मोठे कारण नाही. स्वतःचे जगणे पडद्यावर पाहिले की ते बोलण्याजोगे आहे असे माणसाला वाटू लागते.

आता शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी काही कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक सवलत आहे. शिक्षणसंस्थेच्या कार्याचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि पाहणारे केवळ विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढेच असले, तर त्यास तो कायदा आडवा येत नाही. मात्र घरच्या वर्गणीचे ओटीटी खाते उघडून चौकात सार्वजनिक खेळ करणे त्या कंपन्यांच्या अटींत बसत नाही. गणेशोत्सवात किंवा वाचनालयात सर्वांसाठी खेळ लावायचा असेल, तर ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना पत्र लिहून परवानगी मागावी आणि जमेल ते मानधन द्यावे. चोरून उतरवलेली प्रत कितीही सहज मिळाली तरी घेऊ नये. लहान चित्रपटाचा निर्माता आधीच कर्जात असतो. त्याचे कौतुक करायचे आणि त्याचाच खिसा कापायचा, हे बरे नव्हे.

दुसरी गोष्ट निवडीची. महिन्याला एक चित्रपट पुरे. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहितो, तसे महिन्याच्या पहिल्या दिवशी एका चित्रपटाचे नाव लिहावे. मुलांसाठी चांगले मराठी चित्रपट थोडे नाहीत. पंढरपुरातल्या मुलांची गोष्ट सांगणारा परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' आहे. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' आहे. त्याला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने पारितोषिक दिले. अमर देवकर यांचा 'म्होरक्या' आहे. शाळेतल्या संचलनाचा पुढारी कोण व्हावा, एवढ्या साध्या गोष्टीतून तो किती दूर जातो ते पाहावे. मोठ्या माणसांसाठी जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात, तेथल्याच माणसांना घेऊन तो केला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीवर काय गुदरते, हे तो दाखवतो. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि आपल्याकडे तो २०२५ च्या मार्चमध्ये लागला. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे, त्या घराने टोरांटोच्या मागून का पाहावा? खरे म्हणजे आधी पाहायला हवा होता.

तिसरी गोष्ट जागेची. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ साली झाला आणि आज राज्यात शासनमान्य वाचनालयांची संख्या काही हजारांत आहे. वाचनालयात वृत्तपत्र वाचायला येणारी माणसे हाच तुमचा पहिला प्रेक्षक. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून चित्रपट पाहण्याचे आणि त्यांवर बोलण्याचे काम करीत आले आहे. तसे लहानसे मंडळ प्रत्येक तालुक्याला का असू नये? त्याला इमारत लागत नाही. एक भिंत, एक प्रोजेक्टर आणि बोलावणे करणारी दोन माणसे लागतात. खेळ झाल्यावर अर्धा तास बोलणे ठेवावे. तेव्हा शिक्षकाने भाषण करू नये, हे मी स्वतःला बजावून सांगतो आहे.

चित्रपट करणारी तरुण मुलेही हे ऐकत असतील. त्यांनाही एक विनंती. कोठारवाल्या कंपनीशी करार करताना घाईघाईने सगळे हक्क लिहून देऊ नका. शाळा, वाचनालये आणि चित्रपट मंडळे यांच्यासाठी खेळ करण्याचा हक्क स्वतःपाशी राखता आला तर राखा. चित्रपटाचे नाव देवनागरीत घालून शोधले तर तो सापडतो का, ते पाहा. आणि ज्या गावात चित्रण केले त्या गावात पहिला खेळ करा. ज्यांच्या ओसरीवर जेवलात त्यांनाच चित्रपट दिसला नाही, असे होऊ देऊ नका.

सरकारनेही थोडे करावे. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत सोयीची वेळ मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ साली पाऊल उचलले, ते ठीकच झाले. पण ज्या तालुक्यात चित्रपटगृहच नाही तेथे त्याचा काय उपयोग? केरळ सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये 'सी स्पेस' नावाचे स्वतःचे ओटीटी सुरू केले. तेथे जो चित्रपट पाहायचा तेवढ्याचेच पैसे द्यायचे, आणि त्यातला अर्धा वाटा निर्मात्याला, असा नियम ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रसार भारतीनेही गोव्याच्या महोत्सवात 'वेव्हज्' सुरू केले. सरकारी कोठारे निघाली, ही चांगली गोष्ट आहे. पण कोठार सरकारी असो वा खाजगी, अक्षतीचे काम ते करू शकत नाही. ते गावालाच करावे लागते.

कुणी म्हणेल, "सर, माणसे दमून घरी येतात, त्यांना हसायला हवे असते, हे गंभीर चित्रपट कशाला?" हसायला जरूर हवे. मीही हसतो. पण रोज गोड खाणाऱ्यालाही केव्हातरी भाकरी लागतेच, आणि भाकरी घरचीच असते. आपली वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आपल्या आदिवासी बांधवांच्या बोली पडद्यावर नुसत्या हशासाठी येत राहिल्या, तर पुढच्या पिढीला वाटेल की या बोलींत रडता येत नाही, भांडता येत नाही, विचार करता येत नाही. त्या समजुतीची किंमत फार मोठी आहे.

तेव्हा श्रोतेहो, माझे मागणे थोडे आहे. येत्या महिन्यात एक संध्याकाळ ठरवा. एक चित्रपट निवडा. दुवा पाठवून स्वस्थ बसू नका. उठा, शेजारच्या दारी जा आणि तोंडाने सांगा, "शनिवारी शाळेत या, आपल्यातलीच गोष्ट आहे." दहा माणसे आली तरी चालतील. आमच्याकडे आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी खेळ होतो. तो सातवीतला मुलगा आता दहावीत आहे, आणि भिंतीला धोतर बांधण्याचे काम त्याच्याकडे आहे. गाठ तो पक्की मारतो.